ताशातून ड्रमसेटवर: पळणाऱ्या लयीचं एक प्रकरण

विसर्जन मिरवणूक होऊन दोन आठवडे झाले होते. कर्वेनगरमधल्या माझ्या शिकवणीच्या खोलीत ती आली तेव्हा दोन्ही मनगटांना क्रेप बँडेज होतं. वय २३, हिंजवडीत नोकरी, पुण्यातल्या एका पथकात सात वर्षं ताशा. त्याखेरीज दीड वर्षापासून एका छोट्या वाद्यवृंदात ड्रमसेट वाजवत होती. जुनी मराठी-हिंदी गाणी, महिन्यातून दोन-तीन कार्यक्रम. बसल्याबसल्याच म्हणाली, "सर, माझा हात तयार आहे, पण सगळे म्हणतात लय पळते. मला तर ती पळतेय हे कळतच नाही."

वाद्यवृंदाच्या आयोजकांनी तिला सांगितलं होतं, की पुढच्या कार्यक्रमांना ऑक्टोपॅडवाला (इलेक्ट्रॉनिक तालवाद्य वाजवणारा) बोलावतो, तू जरा बस. ते तिला फार लागलं होतं. तिच्या संमतीने हे सगळं लिहितो आहे. लिहायचं कारण असं, की माझ्याकडे येणाऱ्या मुलांपैकी पथकातून आलेली बरीच मुलं नेमक्या याच ठिकाणी अडकतात, आणि शिकवणारेही अडकतात. मीही अडकलो होतो.

मनगटांसाठी तिला आधी डॉक्टरांकडे पाठवलं. स्नायूबंधांवर ताण आला होता. त्यांनी तीन आठवडे काठी हातात घ्यायची नाही असं सांगितलं, म्हणून ते तीन आठवडे आम्ही फक्त ऐकलं, टाळ्या वाजवल्या आणि मोजलं. आता मागे वळून पाहतो तेव्हा वाटतं, उत्तर त्या तीन आठवड्यांतच समोर होतं. मला ते दिसायला डिसेंबर उजाडला.

पहिली तपासणी

विश्रांती संपल्यावर तिला तिच्या कार्यक्रमातलं एक गाणं क्लिकशिवाय, म्हणजे लय दाखवणाऱ्या मेट्रोनोमच्या टिकटिकीशिवाय, वाजवायला सांगितलं. केरव्याच्या चालीचं, मिनिटाला ९२ मात्रांचं. गाणं तिनं मनात म्हणायचं, वाजवायचा फक्त ड्रमसेट. मोबाइल समोर ठेवून ध्वनिमुद्रण केलं आणि नंतर टॅप-टेम्पोवर (बोटाच्या ठोक्यांवरून लय सांगणाऱ्या ॲपवर) बोट आपटत जागोजागी लय मोजली. सुरुवात ९२, पहिल्या कडव्याआधीच्या रोलनंतर (ठेका सोडून वाजवलेल्या भरगच्च तुकड्यानंतर) ९४, दुसऱ्या रोलनंतर ९७, शेवटाला १०१. चार मिनिटांचं गाणं अकरा सेकंद आधी संपलं होतं.

अकरा सेकंद ऐकायला किरकोळ वाटतात. पण गायकाच्या जागी उभं राहून पाहा. ज्या ओळीत श्वास घ्यायला जागा होती ती जागाच राहत नाही. गायिका तक्रार करत होती ती याचीच.

ठेक्यात लय जवळजवळ चढतच नव्हती. चढायची ती प्रत्येक रोलनंतर, आणि मग त्या वरच्या पायरीवरच बसायची. जिना चढल्यासारखं.

दुसरी चाचणी टाळ्यांची. मेट्रोनोम १२० वर लावला आणि मध्येच चार-चार मात्रांची दोन आवर्तनं मुका केला. ती बरोबर क्लिकवर आली. ६० वर तेच केलं, तर लवकर आली. ४० वर तर मेट्रोनोम चालू असतानाही टाळी दरवेळी आधी पडत होती. ४० म्हणजे दोन ठोक्यांमध्ये दीड सेकंद. क्लिकच्या किंचित आधी टाळी देणं हे बहुतेक माणसांचं होतं, त्यात दोष नाही. पण अंतर जितकं मोठं, तितका अंदाज डळमळतो. ज्याला ते अंतर आतून भरता येत नाही त्याचा जास्तच डळमळतो.

हे सगळं वहीत लिहिलं आणि तरीही चुकीचं औषध दिलं.

सहा आठवडे हाताचे

मला वाटलं, हात ताठ आहेत, म्हणून रोलमध्ये घाई होते. ते खोटं नव्हतं. ताशाच्या काड्या बारीक आणि हलक्या, पान कडक ताणलेलं, आणि आवाज चाळीस-पन्नास ढोलांच्या वर काढायचा. त्यामुळे काडी घट्ट धरून हातभर जोर लावायची सवय तिला होती. ड्रमसेटमधल्या स्नेअर ड्रमवर तेवढी गरज नसते. स्नेअरचं पान काठी परत फेकतं. ती परत येणारी काठी अडवायची नाही, तिला येऊ द्यायचं, आणि करंगळी-अनामिका काठीपासून सुटू द्यायच्या नाहीत. चार प्रकारचे आघात असतात: वरून वर, वरून खाली, खालून खाली, खालून वर. हे तिला सरावाच्या पॅडवर शिकवलं. त्याने मनगटं बरी झाली आणि पुन्हा दुखली नाहीत, एवढं श्रेय त्या सहा आठवड्यांना द्यायलाच हवं.

बाकी मी तेच केलं जे बहुतेक ड्रमशिक्षक करतात. सिंगल स्ट्रोक, डबल स्ट्रोक, पॅराडिडल. पर्कसिव्ह आर्ट्स सोसायटी या तालवादकांच्या संस्थेच्या यादीत असे ४० रुडिमेंट्स, म्हणजे काठ्यांचे पायाभूत धडे, आहेत, त्यातली आठ निवडली. मेट्रोनोम ६० वरून सुरू करायचा आणि दर दोन दिवसांनी चार-चार मात्रांनी वर न्यायचा. मुलगी मेहनती. रोज पंचवीस मिनिटं, एकही दिवस खाडा नाही. डबल स्ट्रोक स्वच्छ झाले, पॅराडिडल १४० पर्यंत गेलं.

सहा आठवड्यांनी तेच गाणं पुन्हा मुद्रित केलं. ९२ वरून १००.

त्या दिवशी ती काही बोलली नाही. काठ्या पिशवीत घातल्या आणि गेली. मी रात्री दोन्ही मुद्रणं लागोपाठ ऐकली. हात खरोखर सुधारला होता, आवाज गोल झाला होता, आणि लय तशीच पळत होती. मेट्रोनोम चालू असताना ती चोख वाजवायची, कारण तिथे तिचं काम फक्त क्लिकच्या मागोमाग जायचं होतं. मेट्रोनोम बंद केला की लय धरणारं कोणी उरत नव्हतं. सहा आठवडे मी तिला क्लिक ऐकायला शिकवत होतो. क्लिक नसताना काय करायचं हे शिकवलंच नव्हतं.

पॅसेजमधल्या येरझाऱ्या

डिसेंबरच्या मध्यावर एका शनिवारी आधीच्या मुलाचा तास लांबला. ती बाहेर पॅसेजमध्ये येरझाऱ्या घालत होती आणि पथकातला एक हात (वादनाचा ठरलेला तुकडा) तोंडाने म्हणत मांडीवर बोटांनी वाजवत होती. दार उघडं होतं. मी सहज टॅप-टेम्पो चालू केला. ८८. मिनिटभराने पुन्हा मोजलं, ८८. पाच-सहा मिनिटं ती चालत होती आणि लय जागची हलली नाही.

मग तिला आत बोलावून ड्रमसेटवर त्याच लयीचा साधा ठेका आणि दर आठ आवर्तनांनी रोल वाजवायला सांगितलं. तीन मिनिटांत ८८ चे ९३ झाले.

सात वर्षं ती उभी राहून, गळ्यात ताशा अडकवून, डोलत किंवा चालत वाजवत आली होती. तिची लय पायात होती. ड्रमसेटपुढच्या स्टुलावर बसवल्याबरोबर तिचे पाय पेडलच्या कामाला लागले आणि आतलं घड्याळ बंद पडलं. डाव्या पायाने तर ती काहीच करत नव्हती, तो हायहॅटच्या (पायाने मिटणाऱ्या झांजांच्या जोडीच्या) पेडलवर नुसता ठेवलेला असायचा.

ही अर्धी गोष्ट. दुसरी अर्धी पथकाच्या रचनेत आहे. पथकात ताशा पुढारी असतो. वादनाची सुरुवात तो करतो, हात बदलायचा इशारा तो देतो, आणि लय संथवरून चढवत नेण्याचं कामही त्याचंच. खाली ढोलांचा ठेका भक्कम असतो, वर ताशाची तर्री, म्हणजे सलग बारीक आघातांची लड, खेळते आणि योग्य क्षणी सगळ्यांना ओढून वर नेते. लक्ष्मी रस्त्यावर उभं राहून ज्याने हे ऐकलंय त्याला छातीत काय होतं ते माहीत आहे. म्हणजे रोलनंतर लय चढवणं ही तिची चूक नव्हती. ते तिने सात वर्षं घासून कमावलेलं कौशल्य होतं, फक्त ते वेगळ्या नोकरीचं होतं. हे तिला सांगितलं तेव्हा पहिल्यांदा तिचा चेहरा सैल झाला. तोवर आपल्या कानातच काही खोट आहे असं तिला वाटत होतं.

तबल्याच्या भाषेत सांगायचं तर एकल वादनात हार्मोनियमवर लेहरा, म्हणजे आवर्तनाएवढी एकच धून, पुन्हा पुन्हा चालतो. तबलजी त्यावर कायदे, रेले असे विस्तार करतो, दूर जातो आणि समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, परत येतो. लेहरेवाल्याने हलायचं नाही. पथकात ती तबलजी होती. वाद्यवृंदात तिला लेहरा व्हायचं होतं. मी म्हणालो, "आजपासून तू लेहरा धरायचास. मी खेळणार."

लेहरा धरताना

जानेवारीपासून पॅडवरचा वेळ पंचवीसवरून दहा मिनिटांवर आणला. बाकीचं काम काठ्यांशिवाय.

पहिलं काम पढंत, म्हणजे बोल तोंडाने म्हणणं. ड्रमसेटच्या वर्गात मुलं "वन-ई-अँड-अ" मोजतात. तिला ते परकं वाटायचं, जिभेवर बसायचं नाही. तिला 'तकधिमि' दिलं, एका मात्रेला चार अक्षरं. तीनाच्या विभागासाठी 'तकिट'. पाय जमिनीवर मात्रेला, तोंडाने अक्षरं, हाताने काही नाही. हे ती हिंजवडीच्या कंपनी बसमध्ये जाता-येता करायची, ओठ न हलवता. दिवसाला दीड-दोन तास बसमध्ये जातात, त्यातली वीस मिनिटं आली तरी पुष्कळ. आपल्याकडे तोंडाने म्हणता आल्याशिवाय हाताला वाजवू देत नाहीत. ही शिस्त ड्रमसेटवाल्यांनी मनापासून उचलायला हवी. त्रिलोक गुर्टू ड्रम आणि तबला एकत्र करून वाजवतात आणि मध्येच तोंडाने बोल म्हणतात, ते पाहिलं की या दोन परंपरांमध्ये भिंत नाही हे कळतं.

पढंतीने लगेच एक गोष्ट उघड केली. तिला तिचा आवडता रोल म्हणून दाखवायला सांगितला. ती म्हणू शकली नाही. मुद्रण अर्ध्या गतीने लावलं. एका आवर्तनात चार मात्रा, म्हणजे सोळा आघात, आणि सोळाच होते. पण पहिले बारा बरोबर अंतरावर आणि शेवटचे चार एकमेकांना चिकटलेले. क्रॅशवर, म्हणजे मोठ्या झांजेवर, पोचायची ओढ. सम दिसली की ती धावत सुटायची. हात जेवढ्या वेगाने पळू शकतो तेवढ्या वेगाने तो पळत होता, विभागाशी त्याचं नातंच नव्हतं. मग नियम केला: जो रोल म्हणता येत नाही तो वाजवायचा नाही. महिनाभर तिच्याकडे तीनच रोल उरले होते. वाद्यवृंदातल्या गाण्यांना तीन पुरतात, खरं तर दोनही पुरतात.

दुसरं काम डाव्या पायाचं. खोलीत ८० च्या लयीवर चालत पढंत करायची, मग जागच्या जागी पाय आपटत, मग स्टुलावर बसून दोन्ही पायांनी, आणि शेवटी फक्त डाव्या पायाने हायहॅटचं पेडल मात्रेला दाबत. चालण्यातली लय बसल्या जागी आणायची. त्यासाठी स्टूल चार बोटं उंच केलं, म्हणजे मांड्या गुडघ्यांकडे किंचित उतरत्या राहतात आणि पाय मोकळा हलतो. ती आधी फार खाली बसत होती. या एका कामाला पाच आठवडे लागले आणि ते पाच आठवडे तिला सगळ्यात कंटाळवाणे गेले. मला मात्र या प्रकरणात हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

तिसरं काम क्लिक काढून घ्यायचं. ८० च्या लयीला चार मात्रांचं एक आवर्तन तीन सेकंदांचं होतं. आधी क्लिक प्रत्येक मात्रेला. मग फक्त दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला. मग आवर्तनात एकदा, म्हणजे तीन सेकंदांनी. मग दोन आवर्तनांत एकदा, सहा सेकंदांनी. मग चार आवर्तनांत एकदा, बारा सेकंदांनी. या पायरीवर क्लिक तुम्हाला वाट दाखवत नाही. तुम्ही किती चुकलात एवढंच तो बारा सेकंदांनी येऊन सांगतो. बारा सेकंदांवर ती मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात पोचली. आजही माझ्याकडचे दहा वर्षं वाजवणारे काही जण तिथे कच्चे आहेत.

आणि चौथं, मोकळी जागा. सात आवर्तनं ठेका, आठव्यात पूर्ण शांतता, नवव्याच्या समेवर किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम). सुरुवातीला तिला ते एक आवर्तन सहन व्हायचं नाही. हात उचलला जायचा, काठी रिमला लागायची. ताशा सहसा रिकामी जागा ठेवत नाही, तर्री चालूच असते, त्यामुळे शांतता म्हणजे काहीतरी बिघडलंय असं तिच्या अंगात बसलेलं. तीनतालात नवव्या मात्रेवर 'खाली', म्हणजे टाळी न देण्याची जागा, येते, त्या विभागात बायाँचा घुमारा थांबतो, तरी ताल चालूच असतो. तिला म्हटलं, तिथे बायाँ घुमत नाही पण मोजणं सुटत नाही, तसं हे. फेब्रुवारीच्या अखेरीला ती त्या शांत आवर्तनात डोळे मिटून बसायला लागली. मग त्या जागेत मी काहीबाही वाजवायचो, मुद्दाम उलटसुलट, तिला समेवरून ढकलायला. ती हलली नाही तो दिवस मी वहीत तारखेसह लिहिला आहे.

दर रविवारी तेच गाणं, तीच ९२ ची सुरुवात, मोबाइल त्याच कोपऱ्यात. लय तिने स्वतः मोजायची आणि लिहायची, हे महत्त्वाचं. पहिल्या दिवशी ती म्हणाली होती, कळतच नाही. कळायला लागलं ते स्वतःचं मुद्रण स्वतः मोजल्यावर. जानेवारीअखेर शेवट ९८ वर, फेब्रुवारीअखेर ९६, मार्चअखेर ९४. एप्रिलमध्ये एकदा ९१ वर संपलं. ती घाबरून फोन करून विचारते, "सर, आता उलटं पडायला लागले का?" मी सांगितलं, तू चढायला घाबरायला लागलीस, आठवडाभर मोजू नकोस. पुढच्या रविवारी ९३.

कानांचंही थोडं सांगतो, कारण ते कोणी सांगत नाही. विसर्जनानंतर तिच्या कानात दोन दिवस शिट्टी वाजत असायची, दरवर्षी. कामाच्या जागी आरोग्य कसं जपायचं हे पाहणाऱ्या अमेरिकेच्या 'नायोश' या संस्थेची मर्यादा ८५ डेसिबलला आठ तास अशी आहे आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला उरतात पंधरा मिनिटं. पथकाच्या मध्यभागी उभं राहून तासन् तास वाजवणाऱ्याने काय ते समजावं. तिला श्रवणतपासणी करून घ्यायला लावली आणि वादकांसाठी मिळणारे कानातले बोळे घ्यायला लावले. ते घातल्यावर स्नेअरवरचे हलके आघात तिला पहिल्यांदा नीट ऐकू आले. कान बधिर असतील तर लय सुधारणार कशी?

मे आणि जून

मेमध्ये आयोजकांनी तिला एका कार्यक्रमासाठी परत बोलावलं, अर्धाच कार्यक्रम, उरलेल्याला ऑक्टोपॅड. मी मागच्या रांगेत बसून सात गाणी मोजली. पाच जागच्या जागी. एक द्रुत गाणं पाच मात्रांनी चढलं, तिथे बास गिटारवालाही तिच्यासोबत पळाला, त्यामुळे दोष कुणाचा हे सांगता येणार नाही. एक संथ गाणं मात्र तिच्या हातून डगमगलं. मिनिटाला ५८ मात्रा, आणि ५८ ला लपायला जागा नसते. मध्यंतरात गायिका तिच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी बोलली. काय ते मी विचारलं नाही.

जूनमध्ये नदीपात्रातला पथकाचा सराव सुरू झाला आणि दोन आठवड्यांत रविवारचा आकडा ९७ वर गेला. ती जवळजवळ रडकुंडीला आली. घरच्यांचं म्हणणं, पथक सोड. तिच्या एका मित्राचंही तेच. मला विचारलं तेव्हा मी स्पष्ट सांगितलं, सोडू नकोस. लय चढवता येणं आणि लय धरता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दोन्ही येणारा वादक एकच येणाऱ्यापेक्षा मोठा असतो. अडचण फक्त एकीतून दुसरीत जाण्याची होती. त्यासाठी एवढंच ठरवलं, की सराव संपल्यावर गाडीपर्यंत चालताना ६० ची लय धरून तकधिमि म्हणायचं, आणि घरी ड्रमसेटवर बसायच्या आधी तीन मिनिटं डाव्या पायाने नुसता हायहॅट. जुलैच्या मध्याला ती ९४ वर परतली.

याच काळात एकदा तिने विचारलं होतं, सात वर्षं वाजवून पुन्हा पहिल्यापासून शिकायला लागणं हे चांगलं लक्षण आहे का. तिला नील पर्टचं उदाहरण दिलं. 'रश' या कॅनडाच्या बँडचा हा ड्रमर जगभर नावाजलेला असताना, चाळिशी ओलांडल्यावर, फ्रेडी ग्रुबर या शिक्षकाकडे गेला आणि काठी धरण्यापासून, बसण्यापासून सगळं नव्याने शिकला. तिने त्याचं वादन शोधून ऐकलं आणि पुढच्या तासाला येऊन म्हणाली, "हा माणूस रोल केवढे मारतो!" मारतो खरे, पण एकही न मोजता मारत नाही. ते आम्ही दोघांनी मिळून एक तास मोजून पाहिलं.

सध्या काम चालू आहे ते त्या ५८ च्या गाण्यावर. क्लिक चार आवर्तनांत एकदा लावला की तो साडेसोळा सेकंदांनी येतो. गेल्या रविवारी सलग नऊ वेळा ती बरोबर त्याच्यावर उतरली आणि दहाव्या वेळी अर्धी मात्रा आधी आली. मी काही बोलायच्या आत तिनेच वही ओढली आणि दहा हा आकडा लिहून त्याला गोल केला.